वखारीने पोखरलेला कोट

कोलकात्यात लाल दिघीच्या पश्चिमेला जनरल पोस्ट ऑफिसची पांढरी, घुमटाची इमारत उभी आहे. तिच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांच्या दगडात पितळेची एक रेघ बसवलेली आहे. पार्सल, मनिऑर्डर, बचत खाते अशा कामांसाठी येणारी माणसे दिवसभर ती ओलांडून ये-जा करतात. ही रेघ इंग्रजांच्या पहिल्या फोर्ट विल्यमच्या आग्नेय बुरुजाची कड दाखवते. पोस्टाच्याच आवारात जुन्या विटांच्या काही कमानी तगून राहिल्या आहेत. उघड्यावर दिसेल असे त्या किल्ल्याचे एवढेच काय ते शिल्लक. ज्या किल्ल्याच्या पाडावानंतर वर्षभरात प्लासी घडली, त्याची निशाणी एका टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर मावते. हा किल्ला १७५६ च्या जूनमध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने जिंकला, असे शाळेच्या पुस्तकात असते आणि ते खरेच आहे. पण तो निकामी त्याच्या कितीतरी आधी झाला होता आणि त्यात शत्रूचा हात नव्हता. तटाच्या आत, तटाच्या अंगावर आणि तटाच्या समोर जी वखार फुगत गेली तिने तो पोखरला. या पोखरण्यात मराठ्यांचाही एक वाटा आहे. तो त्यांनी कोलकात्यावर न येताच उचलला.

कोलकाता समुद्रापासून बरेच आत असले तरी ते भरती-ओहोटीवर चालणारे बंदर. ईस्ट इंडिया कंपनीचा जॉब चार्नक २४ ऑगस्ट १६९० रोजी सुतानुटीच्या घाटावर उतरला तेव्हा कंपनीला किल्ला बांधण्याची परवानगी नव्हती. ती मिळाली दुसऱ्याच कोणाच्या बंडामुळे. १६९५-९६ मध्ये मेदिनीपूर भागातला जमीनदार शोभा सिंह याने मोगलांविरुद्ध बंड केले, अफगाण सरदार रहीम खान त्याला येऊन मिळाला, आणि हुगळीच्या पश्चिमेचा मुलूख हातचा गेल्यासारखा झाला. तेव्हा बंगालचा सुभेदार इब्राहिम खान याने युरोपीय व्यापाऱ्यांना आपापल्या वखारींचे रक्षण आपणच करा, असे सांगितले. डचांनी चिनसुऱ्याला, फ्रेंचांनी चंदननगरला आणि इंग्रजांनी कोलकात्याला तटबंदीचे काम सुरू केले ते या एका मोघम परवानगीवर. सुतानुटी, कालिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचा जमीनदारी हक्क कंपनीने १६९८ मध्ये १,३०० रुपयांना घेतला. १७०० मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचे नाव कोटाला मिळाले आणि आतली मुख्य इमारत १७०६ च्या सुमारास पुरी झाली. क्रम पाहिला की किल्ल्याची जात कळते. आधी वखार, मग तिच्याभोवती भिंत, आणि भिंतीला नाव राजाचे.

बांधकाम कच्चे नव्हते. त्या काळात कोलकात्याला येऊन गेलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टन या खलाशी व्यापाऱ्याने भिंतीच्या चुन्याची घडण नोंदवून ठेवली आहे. विटांची सुरखी, चुना, काकवी आणि बारीक कापलेला ताग एकत्र मळून तो गिलावा होई आणि वाळल्यावर दगडाहून चिवट बने. बंगालच्या गाळाच्या जमिनीत दगड मिळत नाही, तिथे हे कसब स्थानिक गवंड्यांचे. आकार मात्र ओबडधोबड चौकोनाचा. पूर्व आणि पश्चिम बाजू ७०० फुटांच्या आसपास, दक्षिण बाजू ४८५ फूट, उत्तर ३४० फूट, चार कोपऱ्यांना चार बुरूज, प्रत्येक बुरुजावर दहा तोफांची सोय. पश्चिमेला हुगळीचे पात्र तेव्हा थेट कोटाखाली होते आणि काठावर जड तोफांची एक रांग मांडलेली होती. कागदावर हे वाचले तर बरा कोट वाटतो. पण कंपनीचाच नोकर आणि पुढे तिचा इतिहासकार झालेला रॉबर्ट ऑर्म याने तटाचे जे वर्णन केले आहे ते वाचल्यावर लढवय्या माणूस कपाळाला हात लावेल. बुरुजांमधला तट फक्त चार फूट जाडीचा. तोही सलग भिंत म्हणून नव्हे; तटाला आतून खोल्या लागलेल्या, त्या खोल्यांच्या गच्च्या हीच तटावर उभे राहायची जागा. खोल्यांत उजेड आणि वारा हवा म्हणून तटालाच जागोजागी खिडक्या पाडलेल्या. त्यानंतर १७४० च्या दशकात माल मावेना म्हणून दक्षिणेच्या तटाला बाहेरून गोदामे चिकटवली. किल्ल्यात एका बुरुजावरच्या तोफांनी शेजारच्या बुरुजाचा पायथा राखायचा असतो, बुरूज तटाच्या पुढे काढतात ते याचसाठी. दक्षिणेच्या दोन बुरुजांच्या मध्ये गोदामे आल्यावर ते एकमेकांना दिसेनासे झाले. आपल्या कोणत्याही डोंगरी किल्ल्याच्या हवालदाराने असले बांधकाम एक दिवस चालू दिले नसते.

तटाबाहेरची स्थिती याहून वाईट होती. पूर्वेच्या दरवाजासमोर सेंट अॅन चर्च होते, १७०९ मध्ये उभे राहिलेले. उत्तरेला आणि दक्षिणेला कंपनीच्या बड्या नोकरांच्या व खुद्द कंपनीच्या पक्क्या हवेल्या होत्या. त्यांच्या गच्च्या तटापेक्षा उंच. म्हणजे किल्ल्यावर मारा करायला शत्रूला मोर्चे बांधायची गरजच उरली नव्हती, कंपनीच्या माणसांनी ते स्वतःच्या खर्चाने आधीच बांधून ठेवले होते. हे त्यांना कळत नव्हते असे नाही. १७५० नंतर लष्करी अभियंत्यांनी दुरुस्तीचे आराखडे दिले, भोवतालची घरे पाडावी लागतील असे सांगितले. पण ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांचीच ती घरे, आणि प्रत्येक घराच्या तळमजल्यावर कापड, रेशीम, सोरा यांचा खाजगी माल. कंपनीचा पगार तुटपुंजा होता. नोकर श्रीमंत होत ते खाजगी व्यापारावर. तट मोकळा करायचा म्हणजे कौन्सिलातल्या प्रत्येकाने आपल्या पोटावर पाय द्यायचा. तो कोणी दिला नाही.

आता मराठ्यांकडे यायला हवे. १७४२ च्या वसंतात नागपूरकर रघूजी भोसले यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालच्या सुभ्यात चौथाईसाठी उतरले. बंगालचा नवाब अलीवर्दी खान याला त्यांनी वर्धमानजवळ घेरले. मे महिन्यात मीर हबीबला वाटाड्या करून एक तुकडी थेट मुर्शिदाबादवर गेली आणि जगत शेठची पेढी लुटली गेली. त्यानंतर भागीरथीच्या पश्चिमेचा मुलूख दर हिवाळ्यात तुडवला जाऊ लागला. १७४३ मध्ये पेशवे नानासाहेब स्वतः अलीवर्दीच्या बाजूने रघूजींना अडवायला आले. ३१ मार्च १७४४ रोजी मनकऱ्याला वाटाघाटीसाठी बोलावून भास्करपंतांना आणि त्यांच्या सरदारांना अलीवर्दीने कापून काढले. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहात बारा लाखांची सालाना चौथाई आणि ओडिशाच्या वसुलीची व्यवस्था ठरली, तेव्हा कुठे बंगालने श्वास घेतला. या दहा वर्षांची हकीकत मराठी पुस्तकांत पराक्रमाच्या अंगाने येते. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ रचले, त्यात जळणारी गावे आहेत, पळणारे ब्राह्मण आणि विणकर आहेत, पैशासाठी छळली जाणारी माणसे आणि भ्रष्ट केलेल्या बायका आहेत. हे आपण टाळून पुढे जाऊ नये. अंगाईगीतात ‘बर्गी’ म्हणून ज्यांची भीती घालतात ते आपले बारगीर होते.

या भीतीतून कोलकात्याचा खंदक जन्माला आला. शहरातल्या देशी रहिवाशांनी कौन्सिलकडे अर्ज केला की कंपनीच्या हद्दीभोवती स्वखर्चाने खंदक खोदू द्या. अलीवर्दीची हरकत आली नाही. कंपनीने २५,००० रुपये उसने दिले, तेही शहरातल्या सावकारांच्या हमीवर. उत्तरेला बागबाजारपासून दक्षिणेला गोविंदपूरपर्यंत अर्धवर्तुळात सात मैलांचा खंदक योजला होता. सहा महिन्यांत तीन मैल झाला. गंमत अशी की हलसीबागानजवळ तो सरळ न जाता वळसा घेऊन गोविंदराम मित्र आणि उमीचंद या दोन धनिकांच्या बागा आत घेऊन गेला. लोकांच्या वर्गणीतून होणाऱ्या संरक्षणाची रेषाही मालमत्ता पाहून वळत होती. मराठे नदी ओलांडून कोलकात्यावर आले नाहीत. धोका ओसरला तसे खणणाऱ्यांचे हात थांबले आणि उरलेले चार मैल कागदावरच राहिले. याच सुमारास मुंबईत काय घडले ते शेजारी ठेवून पाहावे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. तिथेही खंदक झाला, तिथेही व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली. फरक एवढा की मुंबईचा खंदक उभ्या असलेल्या तटाला लागून झाला आणि पुरा झाला, कारण मराठे माहीमच्या खाडीपलीकडे कायमचे येऊन बसले होते. कोलकात्याचा खंदक तटापासून दूर, नुसत्या वस्तीभोवती होता. तो राखायचा तर हजारो शिपाई लागले असते. कंपनीकडे शेकड्यांनीच होते.

मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा खरा परिणाम या खंदकात नाही. नदीच्या पश्चिमेकडून जो माणूस पळू शकत होता तो पूर्वेला पळाला, आणि ज्याच्याकडे पैसा होता तो इंग्रजांच्या निशाणाखाली आला. विणकर, सराफ, गुमास्ते, आर्मेनियन व्यापारी, जमीनदारांची कुटुंबे यांनी शहर भरले. वस्ती वाढली, माल वाढला, भाडी वाढली. दक्षिण तटाला गोदामे चिकटली ती नेमकी याच दशकात, हा योगायोग मानायला मी तयार नाही. बर्गींच्या भीतीने कोलकाता श्रीमंत झाले, आणि त्या श्रीमंतीने किल्ल्याचा उरलासुरला जीव घेतला. ज्या धोक्याने कंपनीला तट बळकट करण्याची शेवटची सवड आणि सबब दोन्ही दिली, त्याच धोक्याने तट झाकून टाकणारी गर्दीही आणली. दोन्हींपैकी कंपनीने गर्दी निवडली.

यावर एक आक्षेप हमखास येतो. तटबंदी वाढवायला नवाबाची मनाई होती, मग कंपनीने करायचे काय? आक्षेप अर्धा बरोबर आहे. अलीवर्दी युरोपीयांना तटबंदी करू देण्याच्या विरुद्धच होता आणि १७५६ च्या एप्रिलमध्ये तो वारल्यावर गादीवर आलेल्या सिराजउद्दौल्याच्या तक्रारींत पहिली तक्रार हीच होती. इंग्रज परवानगीशिवाय बांधकाम करत आहेत. जकातमाफीच्या दस्तकांचा गैरवापर करून जकात बुडवत आहेत. नवाबी अधिकारी राजवल्लभ याचा मुलगा कृष्णदास खजिन्यासह पळून गेला त्याला आश्रय देत आहेत. तिन्ही तक्रारींत तथ्य होते. पण खिडक्या बुजवायला कोणाची मनाई होती? स्वतःच्या हवेल्या उतरवायला नवाबाचे फर्मान लागत नव्हते. दक्षिणेची गोदामे बांधताना तर कंपनीने कोणालाच विचारले नाही. विलायतेहून आलेल्या पन्नासएक जड तोफा कोटाच्या भिंतीखाली तशाच पडून होत्या, त्या उचलून बुरुजावर चढवायलाही कोणी अडवले नव्हते. मनाई होती ती नव्या बांधकामाला, आणि कंपनीने हलगर्जी केली ती जुन्याच्या निगेत.

सिराजाने जूनच्या आरंभी कासिमबाजारची वखार घेतली आणि भर उन्हाळ्यात, विलक्षण वेगाने तो कोलकात्याकडे निघाला. गव्हर्नर रॉजर ड्रेकच्या हाताखाली शिबंदी होती साधारण पाचशे, त्यांत युरोपीय दोनशेहून कमी, आणि त्यांतल्या बहुतेकांनी कवायतीच्या मैदानाबाहेर बंदूक चालवलेली नव्हती. तोफेची दारू दमट होती. १६ जूनला नवाबाचे सैन्य उत्तरेला बागबाजारच्या मोर्चावर आदळले. खंदक जिथे पुरा होता ती हीच जागा, आणि इथे तो उपयोगी पडला. हल्ला परतवला गेला. मग सैन्य सरळ वळसा घालून पूर्वेकडून आत शिरले, कारण पूर्वेला वाटा मोकळ्या होत्या आणि राखायला माणसे नव्हती. देशी वस्ती पेटली. आता कौन्सिलपुढे दोनच मार्ग होते. भोवतालची घरे उडवून कोट लढवायचा, किंवा घरे वाचवण्यासाठी रस्त्यांवर मोर्चे बांधून पुढे जाऊन लढायचे. त्यांनी दुसरा धरला. उत्तर, पूर्व आणि दक्षिण अशा तीन रस्त्यांवर तोफा मांडल्या. १८ तारखेला पूर्वेचा मोर्चा पडला, बाकीचे दोन सोडावे लागले, आणि मागे हटणाऱ्यांच्या पाठोपाठ नवाबाचे बंदूकधारी त्याच जपलेल्या हवेल्यांत आणि चर्चमध्ये शिरले. तिथल्या गच्च्यांवरून त्यांनी कोटाच्या बुरुजांवर गोळ्या टाकायला सुरुवात केली तेव्हा तोफेपाशी उभे राहणे अशक्य झाले. ज्या भिंतीच्या आड लपायचे तीच उघडी पडली होती.

कोटाच्या आत दोन हजारांवर निर्वासित कोंबले गेले होते, बरेचसे पोर्तुगीज वंशाचे ख्रिस्ती, बायकामुलांसह. १९ जूनला ड्रेक आणि शिबंदीचा प्रमुख मिंचिन होडीने गलबतावर निघून गेले आणि गलबते नदीत खाली सरकली. मागे राहिलेल्यांनी जॉन झेफानिया हॉलवेलला प्रमुख केले. २० जूनच्या दुपारी नदीकडचा दरवाजा आतूनच उघडला गेला आणि कोट पडला. त्या रात्री कैद्यांना पूर्व दरवाजाजवळच्या १८ फूट लांब आणि जेमतेम १५ फूट रुंद अशा कोठडीत कोंडले गेले. दारू पिऊन दंगा करणाऱ्या शिपायांना डांबण्यासाठी इंग्रजांनीच ती केलेली होती. हॉलवेलने १४६ जण कोंडले, २३ वाचले असे लिहिले. हा आकडा त्या जागेत मावत नाही हे बंगाली अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकापासून दाखवले. नंतरच्या हिशेबांनी तो निम्म्याहून खाली आणला. माणसे गुदमरून मेली यात शंका घेण्याचे कारण नाही, आणि ते कमी आकड्यानेही भयंकरच राहते. पण कोठडीच्या कथेने एक वेगळे काम केले. किल्ला का पडला हा प्रश्न तिने मागे ढकलला. मेलेल्यांच्या शोकात तटाच्या खिडक्या आणि गोदामे विसरली गेली, आणि कौन्सिलातल्या वाचलेल्यांना ते सोयीचेच होते.

किल्ला पडण्याचा दोष ड्रेकच्या भ्याडपणावर टाकण्याची प्रथा त्याच वर्षी सुरू झाली. तो पळाला हे निंद्यच आहे. पण तो पळाला तेव्हा बुरूज आधीच हातचे गेले होते. त्याच्या पळण्याने पाडावाची तारीख ठरली, पाडाव नाही. दुसरे उत्तर संख्येचे असते. नवाबाचे तीस ते पन्नास हजार, यांचे पाचशे, मग कोणताही कोट पडलाच असता. या उत्तराची परीक्षा सहाच महिन्यांत झाली, आणि ती घेणारे कोलकात्याला पोहोचले ते आपल्या कोकणात लढून.

१७५६ च्या फेब्रुवारीत अॅडमिरल चार्ल्स वॉटसनचे आरमार आणि रॉबर्ट क्लाइव्हची पलटण तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गासमोर उभी होती. जमिनीवरून पेशव्यांची फौज त्यांच्या जोडीला होती. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते म्हणून नानासाहेबांनी इंग्रजांना हाताशी धरले होते. वाघोटणच्या खाडीत आंग्र्यांच्या गलबतांना आग लागली आणि शिवकाळापासून नावाजलेले मराठी आरमार काही तासांत जळून गेले. १३ फेब्रुवारीला विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती गेला. विजयदुर्गासमोर उभी राहिलेली ‘केंट’, ‘टायगर’, ‘सॉल्सबरी’ ही जहाजे त्याच वर्षाच्या अखेरीस मद्रासहून हुगळीत शिरली. २ जानेवारी १७५७ रोजी ‘केंट’ आणि ‘टायगर’ कोटासमोर आली, तोफा सुरू झाल्या, आणि नवाबाचा किल्लेदार राजा माणिकचंद याची माणसे सकाळ संपायच्या आत निघून गेली. तोच कोट, तेच चार बुरूज, फक्त आत आता नवाबाचे सैन्य होते. संख्येने मोठ्या सैन्यासमोर तो चार दिवस टिकला, दोन जहाजांसमोर काही तास. दोन वेगळ्या धन्यांच्या हातून, दोन वेगळ्या बाजूंनी झालेल्या हल्ल्यांत तो पडला. दोष मग माणसांत शोधायचा की भिंतीत, हे यावरून ठरते. विजयदुर्गाची तुलना मनात येतेच. तिथे तट अखेरपर्यंत शाबूत होता, आरमार जळल्यावर आतल्यांचा धीर सुटला. आजही विजयदुर्गाचा तिहेरी तट समुद्रात पाय रोवून आहे आणि फोर्ट विल्यमची एक पितळी रेघ आहे.

पुढच्या घटना भराभर घडल्या. फेब्रुवारीत अलीनगरचा तह, मार्चमध्ये फ्रेंचांचे चंदननगर, २३ जूनला प्लासी. प्लासीने नवाब झालेल्या मीर जाफरशी झालेल्या करारात मराठा खंदक अनपेक्षितपणे परत येतो. खंदकाच्या आतली सारी जमीन आणि खंदकापलीकडे ६०० यार्ड कंपनीला मिळावी, असे कलम त्यात होते. नुकसानभरपाई म्हणून कंपनीला एक कोटी, इंग्रज रहिवाशांना पन्नास लाख, हिंदू रहिवाशांना वीस लाख, आर्मेनियनांना सात लाख कबूल झाले. १७९४ च्या जाहीरनाम्याने कोलकाता शहराची कायदेशीर हद्द याच खंदकाच्या आतल्या काठाने आखली. सैन्य अडवायला खणलेला तो चर मराठ्यांविरुद्ध कधी वापरला गेला नाही, सिराजाविरुद्ध एक दिवस उपयोगी पडला, आणि पुढे शहर कुठे संपते हे न्यायालयांना आणि कर वसूल करणाऱ्यांना तोच सांगत राहिला. गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या काळात, १७९९ पासून, त्याचा बराच भाग भरून सर्क्युलर रोड झाला. राहिलेला तुकडा १८९० च्या दशकात बुजला. बागबाजारात मराठा डिच लेन ही गल्ली अजून आहे.

सर्वांत मोठा परिणाम मात्र मैदान. क्लाइव्हला कळले होते की जुना कोट दुरुस्त करून भागणार नाही, वखारीपासून किल्ला तोडावा लागेल. १७५८ मध्ये दक्षिणेला गोविंदपुरात नवा फोर्ट विल्यम सुरू झाला. अख्खे गाव उठवले गेले. शेठ आणि बसाक घराणी उत्तरेला सुतानुटीकडे सरकली, ठाकूर कुटुंब पाथुरियाघाट्याला गेले. ठाकूरांच्या जोडासांको वाड्याचा इतिहास या विस्थापनापाशी सुरू होतो. बांधकामात अफरातफर झाली, खर्च वीस लाख पौंडांच्या घरात गेला आणि काम १७८१ पर्यंत चालले. अष्टकोनी, खंदकाने वेढलेल्या त्या किल्ल्याभोवती जंगल तोडून एवढी मोकळी जागा राखली की एकही गच्ची त्याच्या तोफांच्या टप्प्यात येऊ नये. कोलकात्याचे मैदान ही बाग म्हणून आखलेली जागा नव्हे. १८ जूनच्या त्या हवेल्यांचा धडा जमिनीवर उतरवला, तो हा. मुंबईकरांना हे सहज पटेल. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल हे मुंबईच्या कोटासमोर तोफांसाठी मोकळ्या ठेवलेल्या एस्प्लनेडचेच तुकडे आहेत.

जुना कोट नंतर आपल्या मूळ धर्मावर गेला. तिथे जकातीची कचेरी आली, कोठारे आली, एका भागात काही वर्षे प्रार्थना चालली. १८१९ मध्ये नव्या कस्टम हाउससाठी तो पाडला गेला. दक्षिण भागावर वॉल्टर ग्रॅनव्हिलने आखलेले पोस्ट ऑफिस १८६८ मध्ये उघडले. १८८३ मध्ये फेअर्ली प्लेसला रेल्वेच्या इमारतीसाठी पाया खणताना रॉस्केल बेन या अभियंत्याला जुन्या भिंती लागल्या. त्याने मापे घेतली, सी. आर. विल्सनने ती कागदपत्रांशी जुळवून पाहिली, आणि व्हाइसरॉय कर्झनने त्यावरून पितळी रेघा आणि संगमरवरी फलक बसवले. कर्झनचे हे काम मोलाचे आहे. त्याच्या हट्टाशिवाय आज काहीच हाती लागले नसते. पण त्याला स्मरण हवे होते ते कोठडीचे. १९०२ मध्ये त्याने हॉलवेलचा पडलेला स्मारकस्तंभ संगमरवरात पुन्हा उभा केला, शहराच्या मध्यभागी, आणि बंगाली माणसाच्या डोळ्यात तो ३८ वर्षे सलत राहिला. त्याच वर्षांत याच शहरात सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी वंशाचे बंगाली लेखक शिवाजी उत्सव रुजवत होते. त्यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता दिली, १९०६ मध्ये टिळक त्या उत्सवाला आले. बर्गींची आठवण पुसली गेली नव्हती, तरी बंगालने शिवाजीला आपले म्हटले, हे औदार्य आपण नीट ओळखले पाहिजे. सुभाषबाबूंनी हॉलवेल स्तंभ हटवण्यासाठी ३ जुलै १९४० रोजी सत्याग्रह पुकारला, आदल्या दिवशीच त्यांना अटक झाली, आणि सरकारने तो स्तंभ सेंट जॉन चर्चच्या आवारात नेऊन ठेवला. तो अजून तिथेच आहे.

नव्या किल्ल्यावर कधी हल्ला झाला नाही. तिथे आज भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे, आणि मैदानावर सभा घ्यायची तर परवानगी लष्कराचीच लागते. डिसेंबर २०२४ मध्ये या किल्ल्याचे नाव बदलून विजय दुर्ग करण्याचा निर्णय झाला, सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. त्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाला आता शिवाजी गेट म्हणतात. या नावाचे मराठी वर्तमानपत्रांनी कौतुक केले, ते योग्यच आहे. त्या कौतुकात एक मजकूर जोडावा असे मला मनापासून वाटते. हा किल्ला उभारायला सुरुवात करणारा क्लाइव्ह आणि त्याच्यासाठी वाट मोकळी करणारा वॉटसन, हे दोघे कोलकात्याला येण्याआधी दहा महिने पेशव्यांच्या मदतीने विजयदुर्ग जिंकून आले होते. किल्ल्याच्या नव्या फलकावर एवढी एक ओळ असावी. आणि पोस्टाच्या आवारातल्या त्या कमानींशेजारी दुसरा एक फलक हवा. बुरूज कुठे होता हे कर्झनच्या फलकांनी सांगितले आहे. तटाला खिडक्या कोणी पाडल्या आणि गोदामे कोणी चिकटवली, हे अजून कुठेच लिहिलेले नाही.